कांगारूच्या कार्डावरची एक ओळ : मुलांसाठीच्या प्राणी-संचाचे परीक्षण

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी मराठीत तयार केलेला ६० कार्डांचा एक प्राणी-संच गेल्या दिवाळीपासून कोल्हापुरात, महाद्वार रोडवरच्या आणि राजारामपुरीतल्या शालेय साहित्याच्या दुकानांत मिळू लागला आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्राण्याचे चित्र आणि मागच्या बाजूला त्याची माहिती व त्याच्या नावाची जन्मकथा, अशी त्याची रचना आहे. किंमत ४५० रुपये. मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत शनिवारच्या वाचनतासाला मी हा संच सातवीच्या वर्गात वापरते, आणि तो घ्यावा का असे पालक विचारतात तेव्हा ‘जरूर घ्या’ असेच सांगते. मात्र त्यातल्या कांगारूच्या कार्डावरची एक ओळ, ‘कांगारू’ म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत ‘मला माहीत नाही’ असे सांगणारी, चुकीची आहे. ती चूक किरकोळ नाही आणि संच घेणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असली पाहिजे, म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही. हीच ओळ मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत, भिंतीवर लावायच्या तक्त्यांत आणि प्रश्नमंजूषेच्या प्रश्नसंचांतही वाचली आहे, त्यामुळे सगळा दोष एकाच प्रकाशकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्या घरी प्राण्यांवरचे असे कोणतेही पुस्तक किंवा कार्डांचा खोका असेल, तर त्यातले कांगारूचे पान काढून हे परीक्षण शेजारी ठेवून वाचावे, अशी माझी विनंती आहे.

निर्मितीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल कापलेले आहेत आणि लॅमिनेशन चकाकणारे नसल्यामुळे वर्गातल्या ट्यूबलाइटखाली कार्ड कसेही धरले तरी अक्षर दिसते. जोडाक्षरे नीट उमटली आहेत. मुलांच्या पुस्तकांत ‘द्ध’ आणि ‘ह्य’ यांची जी दैना होते, ती इथे नाही. खोक्याचे झाकण मात्र कच्चे आहे आणि त्याचे कोपरे लवकर उसवतात. भाषेसाठी या मंडळींचे मनापासून कौतुक केले पाहिजे. इंग्रजी मजकूर समोर ठेवून शब्दाला शब्द लावत गेल्याच्या खुणा या कार्डांत जवळजवळ कुठेच दिसत नाहीत. वाक्ये मराठी वळणाची आहेत आणि सातवीतल्या मुलाला न अडखळता मोठ्याने वाचता येतात.

कांगारूचे कार्ड तर चित्राच्या बाबतीत संचातले सर्वांत चांगले आहे. तांबड्या कांगारूचा मोठा नर सावकाश चरत पुढे सरकतो आहे, असे ते चित्र आहे. पुढचे दोन आखूड पाय जमिनीवर टेकलेले, मागचे लांब पाय उचलून पुढे येण्याच्या बेतात, आणि या सगळ्याचा भार पेलत शेपूट जमिनीत रोवलेली. कांगारू म्हटले की उडी मारतानाचे किंवा मुष्टियुद्धाच्या पवित्र्यात उभे असलेले चित्रच सगळीकडे काढतात. या चित्रकाराने त्याची संथ चाल निवडली आहे आणि ती अचूक टिपली आहे. सावकाश चालताना कांगारूची शेपूट नुसता आधार देत नाही, तर पाचव्या पायाचे काम करते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मोजले गेले, की या चालीत शरीराला पुढे ढकलण्यासाठी लागणारे बळ पुढचे आणि मागचे पाय मिळून जेवढे देतात, तेवढे एकटी शेपूट देते. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टब्ज या नामांकित चित्रकाराने १७७२ साली कांगारूचे जे चित्र रंगवले, ते जिवंत प्राणी न पाहता, इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकच्या सफरीवरून आणलेल्या कातड्यावरून रंगवले होते. प्रत्यक्ष निरीक्षणाने केवढा फरक पडतो, हे ते चित्र आणि या कार्डावरचे चित्र शेजारी ठेवले की मुलांना न सांगता समजते.

मागच्या बाजूचा माहितीचा भागही भरीव आहे. गर्भावस्था साधारण ३३ दिवसांची असते. जन्मतः पिलू शेंगदाण्याएवढे असते आणि त्याचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. आंधळे, केसही न फुटलेले ते पिलू आईच्या अंगावरच्या केसांना धरत आपणहून पिशवीपर्यंत चढते आणि आत जाऊन आचळाला चिकटते. तांबड्या कांगारूचे पिलू सुमारे आठ महिन्यांचे होईपर्यंत पिशवीच्या आश्रयाने वाढते, बाहेर आल्यावरही काही महिने डोके आत घालून दूध पिते, आणि तेवढ्यात नवे पिलू आत आलेले असेल तर आई एकाच वेळी दोन आचळांतून दोन वेगळ्या प्रकारचे दूध देते. हे सगळे कार्डावर आहे, बरोबर आहे आणि थोडक्यात आहे. आमच्या वर्गात या दोन प्रकारच्या दुधावर एक अख्खा तास गेला. क्रिकेटच्या बातम्यांत ऑस्ट्रेलियाच्या संघाला ‘कांगारू’ म्हणतात एवढ्यावरच ज्या मुलांची ओळख थांबली होती, त्यांना या कार्डाने खऱ्या प्राण्याकडे नेले, हे त्याचे मोठे श्रेय आहे.

त्यानंतर, चौकटीत, ठळक अक्षरांत नावाची जन्मकथा येते. कॅप्टन कुकने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना या विचित्र प्राण्याचे नाव विचारले. त्यांना त्याचा प्रश्नच समजला नाही. ते म्हणाले ‘कांगारू’, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मला माहीत नाही’. आणि कुकला वाटले की हेच प्राण्याचे नाव. गोष्ट लहान आहे, गमतीची आहे, एकदा ऐकली की विसरत नाही. ती खरी मात्र नाही.

खरी हकीकत मुलांना सांगण्याजोगी आहे, आणि तिच्यातल्या तारखा नोंदलेल्या आहेत. जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ हे जहाज ११ जून १७७० च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर आपटले. तळाला भोक पडलेले जहाज कसेबसे एका नदीच्या मुखात आणून दुरुस्तीसाठी किनाऱ्याला लावावे लागले. त्या नदीला आज एंडेव्हर नदी म्हणतात आणि तिच्या काठी कुकटाउन हे गाव आहे. दुरुस्ती लांबली आणि सफरीतली मंडळी तिथे सुमारे सात आठवडे अडकून पडली. जूनच्या २२ तारखेच्या सुमारास किनाऱ्यावर गेलेल्या खलाशांना उंदराच्या रंगाचा, चपळ असा एक अनोळखी प्राणी दिसला. दोन दिवसांनी खुद्द कुकनेही तो पाहिला आणि लिहून ठेवले, की धावताना तो सशासारखा किंवा हरणासारखा उड्या मारत होता, नाहीतर मी त्याला रानकुत्राच समजलो असतो. पुढचे तीन आठवडे त्यांच्या रोजनिशीत हा प्राणी येतो, पण त्याला नाव नाही.

नाव आले ते माणसांची ओळख झाल्यावर. जुलैच्या १० तारखेला तिथले रहिवासी आणि जहाजावरचे लोक यांची पहिली जवळून भेट झाली, आणि १२ जुलैच्या नोंदीत सफरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने ‘कांगुरू’ हा शब्द लिहिला. जॉन गोर या अधिकाऱ्याने पहिला कांगारू मारला तो १४ जुलैला. म्हणजे प्राणी हाती लागण्याआधी दोन दिवस त्याचे नाव वहीत आलेले होते. पुढे ४ ऑगस्टला तिथून निघताना कुकनेही आपल्या रोजनिशीत लिहिले, की इथले लोक या प्राण्याला या नावाने ओळखतात. सफरीतल्या लोकांनी केवळ हा एक शब्द टिपला नव्हता. शरीराच्या अवयवांची आणि आसपासच्या वस्तूंची नावे विचारून विचारून त्यांनी शब्दांच्या याद्याच केल्या होत्या. समोरची माणसे प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणत असती, तर त्या याद्या तयारच झाल्या नसत्या.

मग ही ‘मला माहीत नाही’ची गोष्ट शिरली कुठून? तिच्या मुळाशी एक खरा गोंधळ आहे, आणि तो कुकचा नाही. कुकनंतर सुमारे ५० वर्षांनी फिलिप पार्कर किंग हा नौदल अधिकारी किनाऱ्याची मोजणी करत त्याच नदीच्या मुखाशी आला. त्यानेही तिथल्या लोकांकडून शब्द गोळा केले आणि ते कुकच्या यादीशी ताडून पाहिले. बरेच शब्द जुळले. पण कांगारूसाठी त्याला ‘मिन्नार’ किंवा ‘मीनुआ’ असे काहीतरी वेगळेच ऐकू आले. एकाच जागी, एकाच लोकांकडून, एकाच प्राण्याला दोन नावे कशी, असा प्रश्न उभा राहिला, आणि कुकचे ऐकणेच चुकले असावे असा तर्क लोक करू लागले. त्या तर्काला कोणीतरी गोष्टीचे रूप दिले आणि एकोणिसाव्या शतकात ती गोष्ट पसरत गेली. किंगला ऐकू आलेला शब्द बहुधा ‘मिन्हा’ होता, आणि त्या भाषेत तो खाण्याजोग्या कोणत्याही प्राण्याला लावतात. एखाद्याने ताटातल्या पापलेटकडे बोट दाखवून विचारावे आणि उत्तर ‘मासा’ असे मिळावे, तसे ते घडले. दोन्ही उत्तरे बरोबरच होती.

हा उलगडा व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. जॉन हॅविलंड हे मानववंशशास्त्रज्ञ कुकटाउनच्या उत्तरेकडच्या होपवेल या वस्तीत राहून तिथल्या लोकांची गूगू यिमिथिर ही भाषा शिकले आणि त्यांनी कुकच्या सफरीतल्या शब्दयाद्या त्या भाषेच्या बोलणाऱ्यांसोबत पुन्हा तपासल्या. तेव्हा आढळले, की ‘कांगुरू’ हा शब्द त्या भाषेत आहेच, आणि तो कांगारूंच्या एका विशिष्ट, मोठ्या, काळपट-राखी जातीचे नाव आहे. कांगारूंच्या इतर जातींना त्या भाषेत वेगळी नावे आहेत. विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ असे उत्तर मिळाल्याची कथा ज्यांच्याबद्दल आपण सांगत आलो, त्यांनी प्रत्यक्षात विचारणाऱ्याला समजेल त्याहून अधिक नेमके उत्तर दिलेले होते.

या शब्दाच्या उच्चाराबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण ते मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर समजेल आणि कार्डावर ते सहज घालता आले असते. मूळ शब्दातला अनुनासिक म्हणजे आपल्या वर्णमालेतला ‘ङ’ आहे. तो आपण मुळाक्षरांत शिकतो, ‘वाङ्मय’ या शब्दात लिहितो, आणि एरवी कुठे एकटा वापरत नाही. देवनागरीत तो शब्द ‘गङुरु’ असा लिहिता येतो. रोमन लिपीत या एका ध्वनीसाठी दोन अक्षरे वापरावी लागतात आणि वाचणारा त्यात नसलेला ‘ग’ मिसळतो. पहिले अक्षर ‘क’ की ‘ग’ असाही प्रश्न मुले विचारतात. आपल्या भाषेत ‘काय’ आणि ‘गाय’ हे दोन वेगळे शब्द आहेत, पण गूगू यिमिथिरमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मूळ भाषांप्रमाणे, ‘क’ आणि ‘ग’ यांच्या फरकाने शब्द बदलत नाही. म्हणून इंग्रजी कानांना तो ‘क’ वाटला. वर्गात मी फळ्यावर ‘गङुरु’ लिहिले आणि मुलांनी तो शब्द मोठ्याने म्हटला तेव्हा, ज्या अक्षराला ती वर्षानुवर्षे केवळ पाठांतरापुरते ओळखत होती, त्याचा त्यांना पहिल्यांदाच उपयोग झाला.

गोष्ट खोटी पडली म्हणून तिच्यातली गंमत संपते असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी पुढचा भाग मुलांना जरूर सांगावा. १७८८ साली इंग्रजांचा पहिला ताफा वसाहत करायला आजच्या सिडनीपाशी उतरला. त्यांच्याजवळ कुकच्या सफरीतल्या शब्दांची माहिती होती, आणि ते शब्द संपूर्ण खंडात चालतील असे त्यांना वाटत होते. कुकटाउनपासून सिडनी सुमारे २००० किलोमीटर दूर आहे, म्हणजे आपल्या कोल्हापूरहून दिल्लीपेक्षाही लांब, आणि त्या काळी ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. सिडनीच्या परिसरातल्या लोकांनी ‘कांगारू’ हा शब्द कधी ऐकलेलाच नव्हता. त्यांच्याकडे राखी कांगारूला ‘पटगरंग’ म्हणत. ‘कांगारू’ हा इंग्रजांचाच शब्द असणार अशी त्यांची समजूत झाली. वसाहतीतला अधिकारी वॉटकिन टेंच याने लिहून ठेवले आहे, की ‘गॉर्गन’ जहाजातून आलेल्या गायी कोलबी नावाच्या स्थानिक माणसाला दाखवल्या, तेव्हा हे कांगारू आहेत का, असे त्याने विचारले. मुले या प्रसंगावर मनमोकळी हसतात, आणि इथे कोणाच्याही शहाणपणाला कमीपणा येत नाही.

चौकटीतल्या त्या ओळीला माझा खरा आक्षेप याच मुद्द्यावर आहे. कार्ड वर्गात पहिल्यांदा वाचले, तेव्हा राधानगरीकडून येऊन मामाकडे राहणाऱ्या एका मुलाने हात वर करून विचारले, ‘बाई, त्यांच्याच रानातलं जनावर, आन् त्यांनाच त्याचं नाव म्हाईत न्हवतं व्हय?’ सगळ्या संचाच्या परीक्षणात मी जे लिहू शकेन, त्याहून नेमके हे वाक्य आहे. त्याच्या गावाच्या रानात गवा आहे. कोणी परका माणूस दाजीपूरच्या जंगलाच्या कडेला उभा राहून त्या काळ्या, पांढऱ्या पायमोज्यांच्या धिप्पाड जनावराकडे बोट दाखवून नाव विचारू लागला, तर शेतावरचा माणूस किंवा धनगरवाड्यावरचे पोर क्षणाचाही विलंब न लावता ‘गवा’ किंवा ‘गवारेडा’ म्हणेल, आणि भाषा कळली नाही तरी बोट कशाकडे आहे हे त्याला कळेल. गूगू यिमिथिर लोक त्या किनाऱ्यावर हजारो वर्षे राहिले. कांगारू हे त्यांचे अन्न होते. त्यांना त्याचे नाव सांगता आले नाही, ही कल्पनाच मुळात तपासून घ्यायला हवी होती. एखाद्या समाजाला त्याच्या स्वतःच्या रानाचे ज्ञान नव्हते असे शिकवणारी ओळ, ती कितीही गमतीची असली, तरी मुलांच्या हाती जाता कामा नये.

आणि हे याच संचाच्या कर्त्यांना कळते, याचा पुरावा त्यांच्याच खोक्यात आहे. मुंगसाच्या कार्डावर त्यांनी अभिमानाने लिहिले आहे, की इंग्रजीत या प्राण्याचे जे नाव आहे ते मराठी ‘मुंगूस’वरून गेले आहे. हे बरोबर आहे. परक्यांनी आपल्याला नाव विचारले, आपण सांगितले, त्यांनी ते थोडे वाकडेतिकडे उच्चारून नेले. कांगारूच्या नावाची हकीकतही हुबेहूब हीच आहे. मुंगसाच्या कार्डावर नाव सांगणाऱ्याला मान मिळतो आणि कांगारूच्या कार्डावर तोच माणूस गोंधळलेला ठरतो, हा भेद या कर्त्यांच्या लक्षात आला असता तर त्यांनी तो नक्कीच ठेवला नसता. दोन्ही कार्डांना जोडणारा आणखी एक धागा त्यांच्या हातून निसटला आहे. ऑस्ट्रेलियात पोटावर पिशवी असलेल्या काही लहान प्राण्यांना इंग्रजीत बँडिकूट म्हणतात, आणि हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर या शब्दावरून गेला आहे. तेलुगूत तो आपल्या घुशीसाठी वापरतात. भारतात नाव ऐकलेल्या युरोपीय लोकांनी ते ऑस्ट्रेलियातल्या, घुशीशी काही नाते नसलेल्या प्राण्याला चिकटवले. नावांवरच्या संचात बँडिकूटचे कार्ड असायलाच हवे होते. त्याच्याऐवजी झेब्र्याचे कार्ड आहे, आणि त्यावर नावाबद्दल सांगण्याजोगे काही नाही.

गव्याच्या कार्डाबद्दल कोल्हापूरकर म्हणून एक नापसंती नोंदवते. वर मोठ्या अक्षरांत ‘भारतीय बायसन’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘गवा’, असे शीर्षक आहे. बायसन हा वेगळ्या गटातला, अमेरिका आणि युरोपातला प्राणी. गवा हा गायी-बैलांच्या गटातला. इंग्रज शिकाऱ्यांनी सवयीने दिलेले ते नाव आपण आपल्याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे फलकांवर वागवले, पण मराठी मुलांच्या संचात तरी ‘गवा’ हे नाव वर असावे.

कोआलाच्या कार्डावर त्या नावाचा अर्थ ‘पाणी न पिणारा’ असा दिला आहे. सिडनीकडच्या धारुग भाषेतल्या ‘गुला’ या शब्दावरून ते नाव आले, एवढे सांगून थांबणे योग्य झाले असते. कोआलाला लागणारे बहुतेक पाणी निलगिरीच्या पानांतून मिळते हे खरे, पण पावसात झाडाच्या खोडावरून ओघळणारे पाणी तो चाटून पितो, हे अलीकडे निरीक्षणांतून नोंदले गेले आहे. वोंबॅट, वॉलाबी आणि डिंगो ही तिन्ही नावे सिडनीच्याच परिसरातल्या भाषेतून आली, हे मात्र कार्डांवर बरोबर आहे. बाकीच्या कार्डांत मला गंभीर चूक आढळली नाही; शेकरूचे आणि खवल्या मांजराचे कार्ड तर शिक्षकांनी मुद्दाम वेळ काढून वाचावे इतके चांगले लिहिले आहे.

प्रकाशकांना मी पत्र लिहून हे सर्व कळवले. उत्तर आले, आणि ते सभ्य होते, पण त्याचा आशय असा, की ही गोष्ट सर्वत्र प्रसिद्ध आहे व मुलांना आवडते, तरी पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू. सर्वत्र प्रसिद्ध असणे हा चूक न सुधारण्याचा आधार होऊ शकत नाही, आणि मुलांना खरी हकीकत अधिक आवडते हे मी वर्गात पाहिले आहे, म्हणून मी पुन्हा लिहिले आहे. ज्यांनी हा संच घेतला आहे अशा पालकांनी आणि शिक्षकांनीही लिहावे. खोक्याच्या तळाशी पत्ता छापलेला आहे. एका शिक्षिकेच्या पत्रापेक्षा वीस ग्राहकांची पत्रे लवकर वाचली जातात.

तोपर्यंत आम्ही वर्गात केलेला उपाय येथे देते. कार्डावरच्या चौकटीत बरोबर बसेल अशी चिठ्ठी मुलांनीच लिहिली आणि जुन्या मजकुरावर चिकटवली. तिच्यावरचा मजकूर असा : ‘१७७० साली ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर राहणाऱ्या गूगू यिमिथिर लोकांनी आपल्या भागातल्या एका मोठ्या कांगारूचे “गङुरु” हे नाव कुकच्या सफरीतल्या लोकांना सांगितले. तेच नाव पुढे सर्व जातींसाठी वापरले जाऊ लागले आणि जगभर गेले.’ ज्यांना हवी असेल त्यांनी ही चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घ्यावी. ज्या दुकानातून आम्ही संच घेतला, तिथल्या दुकानदारांनी चिठ्ठीच्या झेरॉक्स प्रती काउंटरवर ठेवून घेतल्या आहेत आणि संचाबरोबर ते त्या देतात. त्यांनी हे काम आपणहून अंगावर घेतले, याची नोंद येथे केली पाहिजे.

संच चौथीच्या खालच्या मुलांसाठी घेऊ नये, मजकूर त्यांना जड जाईल. सहावी-सातवीसाठी तो उत्तम आहे. शाळेच्या नावाने एकत्रित मागणी केली, तर महाद्वार रोडवर किमतीत सूट मिळते, आणि खोके घेतानाच झाकणाच्या चारही कोपऱ्यांना आतून कापडी चिकटपट्टी लावून घ्यावी.